जुनी स्पोर्ट्स कार, रोजचा वापर : हिशेब, कागदपत्रे आणि कामाच्या सुधारणा

मंडळातील तरुण सभासद हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. "पुण्यात एक जुनी पोलो जीटी चांगल्या भावात मिळतेय, घेऊ का?" किंवा "अबार्थ पुंटो रोज कामावर न्यायला चालेल का?" पाठोपाठ त्यांचे आईवडील येतात आणि हळूच म्हणतात, "तुम्ही जरा समजावून सांगा त्याला." दोघांनाही उपयोगी पडेल असे काही एकत्र लिहावे म्हणून हा लेख. वाहनकर्जाच्या फायली हाताळण्यात आमची बरीच वर्षे गेल्यामुळे आमची नजर आधी कागदावर आणि मग इंजिनावर जाते. पण गाडी हा केवळ कागदाचा विषय नाही, चालवण्याचा आनंद हाही तिच्या किमतीचाच भाग आहे, हे आम्हाला मान्य आहे.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे कोणती?

दोन दारांची, दोनच माणसांची, छत उघडणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवली तर आपल्या देशात निवड फार थोडी आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारी गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची अशी छोटी गाडी बनत असे. फायबरचे अंग आणि रेनोचे सुमारे बाराशे सीसीचे इंजिन असलेली ती गाडी फारशी खपली नाही. पोर्शे, बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा ऑडी टीटी अशा आयात गाड्या जुन्या बाजारात मिळतात. त्यांची किंमत उतरलेली असली तरी सुट्या भागांची किंमत उतरत नाही. वीस लाखांना मिळालेल्या जुन्या गाडीची दुरुस्ती नव्या साठ-सत्तर लाखांच्या गाडीच्या दरानेच होते. रोजच्या वापरासाठी त्या सामान्य कुटुंबाने घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग उरतात त्या नेहमीच्या गाडीच्या अंगात जोरकस इंजिन बसवलेल्या गाड्या. यातल्या तीन महाराष्ट्रात तयार झाल्या, आपल्या परिसरात दिसतात आणि जुन्या बाजारात मिळतात.

पहिली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. ती २०१३ साली आली, चाकणच्या कारखान्यात बनली. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसरी फियाट अबार्थ पुंटो. ती २०१५ साली आली, रांजणगावला बनली. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ पीएस, पाच गिअरचा साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. तिसरी स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस मालिका. सुरुवातीच्या 'व्हीआरएस'मध्ये १.८ लिटरचे १५० पीएसचे टर्बो इंजिन होते, तर २०१७ साली आलेल्या आरएस २३० मध्ये दोन लिटरचे २३० पीएसचे. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यामुळे या कंपनीचे नाव आपल्याकडे परिचयाचे झाले.

तिन्हींना पाच माणसांची जागा आहे, डिकी आहे, आणि आजीला मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात नेता येते. रोजचा वापर म्हणजे शेवटी हेच.

खरेदीची किंमत आणि बाळगण्याची किंमत

जुनी गाडी घेताना माणूस एकच आकडा विचारात घेतो, तो म्हणजे विकणारा सांगतो तो. खरे तर आकडे चार असतात : खरेदी, कर्जाचे व्याज, पेट्रोल आणि देखभाल.

कर्जापासून सुरुवात करू. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो आणि कर्ज फिटेपर्यंत गाडीचे वय किती होईल तेही बँक पाहते. समजा, चार लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी घेतले. एक बँक १२ टक्के दर सांगते आणि गाडीचा दलाल "आमच्याकडे फक्त ७ टक्के फ्लॅट" म्हणतो. सातच्या आकड्याने कुणालाही मोह पडेल. आता मांडून पाहू.

बँकेचे १२ टक्के घटत्या शिलकीवर असतात. हप्ता येतो सुमारे १०,५३४ रुपये, चार वर्षांत एकूण व्याज साधारण १ लाख ५ हजार ६०० रुपये. दलालाचे ७ टक्के मूळ रकमेवर, चारही वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे वर्षाला २८,००० प्रमाणे व्याज १ लाख १२ हजार, आणि हप्ता १०,६६७ रुपये. सात टक्क्यांचे कर्ज बारा टक्क्यांपेक्षा महाग निघाले! घटत्या शिलकीच्या भाषेत तो 'सात टक्के फ्लॅट' सुमारे पावणेतेरा टक्के होतो. म्हणून दर कधी विचारू नका. हप्ता किती, हप्ते किती आणि प्रक्रिया शुल्क किती, एवढे तीन आकडे लिहून मागा.

आता पेट्रोल. महिन्याला हजार किलोमीटर धरू आणि हिशेबासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. साधी लहान गाडी १८ किलोमीटर देत असेल तर वर्षाला सुमारे ६६,७०० रुपये लागतात. टर्बो गाडी गावात जोरात चालवून ११ किलोमीटर देत असेल तर सुमारे १ लाख ९ हजार. फरक वर्षाला साडेबेचाळीस हजारांच्या घरात, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. हा आनंदाचा हप्ता आहे असे समजा आणि तो परवडतो का ते आधीच ठरवा.

देखभालीसाठी आम्ही एक साधा नियम सुचवतो. खरेदीसाठी ठेवलेल्या रकमेपैकी पाचवा भाग बाजूला ठेवावा आणि उरलेल्या रकमेत बसेल तीच गाडी पाहावी. सहा लाख हाताशी असतील तर गाडी चार लाख ऐंशी हजारांची. उरलेले एक लाख वीस हजार पहिल्या वर्षीच्या टायर, ब्रेक, बेल्ट आणि सस्पेन्शनच्या कामासाठी. हे पैसे लागणारच असतात, फक्त विकणारा तसे सांगत नाही.

सीमेपलीकडून गाडी आणताना

आपल्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. बेळगावात बसून आपण गाड्या पाहतो त्या बहुधा पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरच्या, एमएच पासिंगच्या. भाव चांगला दिसतो, कारण त्या भावात कर्नाटकचा रस्ता कर धरलेला नसतो.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे आणि इथे फॉर्म २७ भरून नवा नंबर मागायचा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० वेगळे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो बोजा आरसीवरून उतरवायचा. "कर्ज फिटलंय, फक्त आरसीवर नाव राहिलंय" या वाक्यावर विसंबून पैसे देऊ नयेत. जोवर आरसीवर बँकेचे नाव आहे तोवर गाडीवर बँकेचा हक्क आहे.

इथला आजीवन कर ठरवताना गाडी नवी असतानाच्या किमतीचा गट पाहिला जातो आणि वयाप्रमाणे करात सूट मिळत जाते. आपण आज किती पैसे मोजले यावर तो ठरत नाही. म्हणून नवी असताना पंचवीस लाखांची असलेली ऑक्टाव्हिया आज नऊ लाखांना मिळाली तरी तिचा कर महागड्या गाडीच्या गटातच मोजला जाईल, आणि नवी असताना दहा लाखांच्या आतली पोलो खालच्या गटात. सौदा करण्यापूर्वी आरसीची प्रत घेऊन आरटीओत कराचा आकडा विचारून घ्यावा आणि तो खरेदी किमतीत मिळवून मगच 'स्वस्त' हा शब्द वापरावा. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या काळापुरता परतावा अर्ज करून मागता येतो. त्यासाठी नव्या राज्यात नोंदणी झाल्याचा पुरावा लागतो. ही रक्कम कोणाची, विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे सौद्याच्या कागदावर लिहून घ्यावे.

विकणाऱ्या सभासदांनाही एक सूचना. गाडी दिली, पैसे घेतले, चावी दिली, म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक मानला जातो. आपली जुनी गाडी चार हात फिरून कुणाकडे गेली असेल आणि नाव आपलेच राहिले असेल, तर नोटीस आपल्या दारात येईल. नाव बदलल्याची नवी आरसी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नये.

आरसीची माहिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते : बोजा, विम्याची मुदत, थकलेली ई-चलने. गाडी वेगवान असेल तर चलने जास्त असण्याचीच शक्यता. ती सौद्याआधी विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. चेसिस आणि इंजिनावरचे नंबर टॉर्च घेऊन स्वतः वाचावेत आणि आरसीशी ताडून पाहावेत. नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. २००५-०६ च्या जुन्या व्हीआरएसबाबत हे विशेष पाहावे.

गाडी तपासताना

प्रत्येक गाडीची एक दुखरी जागा असते. ती माहीत असली की तपासणी निम्मी झाली.

पोलो जीटीचा सात गिअरचा डीएसजी हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. आत दोन क्लचप्लेट आणि त्यांना हुकूम देणारे मेकाट्रॉनिक नावाचे एकक असते. गर्दीत इंचाइंचाने गाडी पुढे सरकते तेव्हा क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. म्हणून मुंबईच्या गर्दीत वाढलेल्या गाडीपेक्षा मोकळ्या रस्त्यावर जास्त किलोमीटर धावलेली गाडी कधी कधी बरी. गाडी गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देते का, चढावर थरथरते का, रिव्हर्स टाकताना आवाज येतो का, हे अर्धा तास चालवून पाहावे. पाच मिनिटांच्या फेरीत हे कळत नाही.

अबार्थ पुंटोचे इंजिन दणकट आहे, पण त्याला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच बसते. बेल्ट केव्हा बदलला याची पावती नसेल तर तो बदलायचाच आहे असे धरून भाव करावा. दुसरी अडचण सुट्या भागांची. फियाट नावाच्या गाड्या आता आपल्याकडे बनत नाहीत; रांजणगावला आज जीप बनतात. इंजिनाचे बरेच भाग मिळतात, पण बंपर, दिवे आणि अबार्थचे खास तुकडे शोधावे लागतात. त्यामुळे अपघातातून दुरुस्त झालेली अबार्थ शक्यतो टाळावी.

ऑक्टाव्हियाच्या जुन्या १.८ टर्बोलाही टायमिंग बेल्ट आहे. पुढच्या टीएसआय इंजिनांना साखळी आहे. साखळी सैल पडली की थंड इंजिन सुरू होताना क्षणभर खडखड ऐकू येते. म्हणून गाडी पाहायला सकाळी जावे आणि "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका" असे आधीच सांगून ठेवावे. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागले तर का, ते विचारा. टीएसआय इंजिने थोडे तेल खातात, त्यामुळे डिपस्टिक काढून पातळी पाहणे ओघानेच आले.

तिन्ही गाड्यांना टर्बो आहे. वेळेवर तेल न बदलणे हा टर्बोचा मोठा शत्रू. म्हणून ऑइल बदलल्याच्या पावत्या हीच गाडीची खरी कुंडली. ती जुळत नसेल तर चमकणाऱ्या पेंटकडे पाहू नये. ओळखीचा मेकॅनिक नसेल तर दोन-तीन हजार रुपये देऊन स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. लाखांच्या सौद्यात ही रक्कम वाया जात नाही.

सुधारणा : कोणती आधी, कोणती नंतर

गाडी घरी आली की पहिला विचार येतो तो ताकद वाढवण्याचा. आमचे म्हणणे उलट आहे. आधी थांबणे सुधारा, मग वळणे, आणि वेग सगळ्यांत शेवटी. कारण साध्या शाळेच्या गणितात आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १०० किलोमीटर वेग म्हणजे वेगात पंचवीस टक्के वाढ, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा छप्पन्न टक्क्यांनी जास्त.

*टायर.* रस्त्याला गाडीची गाठ पडते ती चार तळहातांएवढ्या रबराने. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर कडक झालेले असतात. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात तेवढ्यावर विसंबणे बरे नाही. तीन मिलिमीटर आल्यावर बदलावेत. चांगल्या कंपनीचे चार नवे टायर ही कोणत्याही जुन्या गाडीची सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि ती कायद्यातही बसते.

मोठ्या रिमचा मोह मात्र आवरावा. १९५/५५ आर १६ या टायरच्या भिंतीची उंची १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. तिथे २०५/४५ आर १७ बसवला तर भिंत ९२ मिलिमीटर उरते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण खड्डा आणि रिम यांच्यामधली पंधरा मिलिमीटरची गादी गेली. दिसायला गाडी छान दिसते, आणि पहिल्या पावसाळ्यात रिम वाकतो.

*ब्रेक.* ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या तेलाचा तो १५५ पर्यंत उतरू शकतो. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर तेल उकळून नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे आत जाते. वाफ दाबली जाते, चाक थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, आणि घाट ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरावा. चांगल्या प्रतीचे पॅड आणि गरज असेल तर नव्या डिस्क एवढे रोजच्या वापराला पुरेसे आहे. रेसिंगचे पॅड घेऊ नयेत. ते गरम झाल्यावरच नीट पकडतात आणि सकाळच्या पहिल्या सिग्नलला दगा देतात.

*सस्पेन्शन.* सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर आणि रबरी बुश थकलेले असतात. ते मूळ प्रतीचे नवे बसवले आणि व्हील अलाइनमेंट केली की गाडी पुन्हा तरुण होते. यासाठी गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांची गरज नाही. अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आहे. मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असायला हवा. आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक कोणत्या मानकाने बांधलेले असतात ते सर्वांना ठाऊक आहे. त्यात चार माणसे बसल्यावर गाडी आणखी खाली येते. स्प्रिंगा बदलून तीस मिलिमीटर कमी केलेत तर सायलेन्सर दर चौकात रस्त्याला नमस्कार करील.

*दिवे.* पिवळट झालेली दिव्यांची काच पॉलिश करून घ्यावी आणि त्याच वॅटचे चांगले बल्ब बसवावेत. साध्या हॅलोजनच्या दिव्यात बाजारू एलईडी बसवला की प्रकाश विस्कटतो. समोरच्याला आंधळे करतो आणि आपल्यालाही पावसात कमीच दिसते.

*इंजिन.* ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. त्याचा कार्यक्रम बदलून टर्बोचा दाब वाढवला की ताकद वाढते. याला 'रिमॅप' म्हणतात. टर्बो गाडीत फरक मोठा आणि झटपट जाणवतो, म्हणून तरुण त्याच्या मागे असतात. पण कारखान्याने क्लच, गिअरबॉक्स आणि कूलिंग मूळ ताकदीच्या हिशेबाने बसवलेले असते. पोलोच्या कोरड्या क्लचवर जास्त जोर टाकणे म्हणजे त्याचे आयुष्य आजच खर्चून टाकणे. शिवाय यात पुढचा प्रश्न येतो, तो कायद्याचा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सायलेन्सर काढून कर्कश एक्झॉस्ट बसवणे, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे हे यातच येते. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद हवी. त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकारात कंपनीने स्वतः दिलेला टायरचा आकार, मूळ प्रतीचे ब्रेक आणि शॉकअब्सॉर्बर यांना मात्र अडचण नाही. आमच्या यादीतल्या पहिल्या चारही सुधारणा निर्धोक आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

विम्याचे तीन मुद्दे. एक, गाडीचे नाव बदलले की चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यावी. दोन, 'नो क्लेम बोनस' माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणाऱ्याचा पन्नास टक्के बोनस आपल्याला मिळत नाही. उलट आपल्या जुन्या गाडीचा बोनस आपण नव्याने घेतलेल्या गाडीला लावू शकतो. तीन, पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम आपण आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट ती खूप खाली आणतो. गाडी चोरीला गेली की तीच रक्कम हातात पडते, हे ध्यानात ठेवून ती ठरवावी. केलेला बदल लपवला असेल तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर तो शोधतो, आणि मग दहा हजारांच्या रिमॅपसाठी लाखांचा दावा अडकतो.

पेट्रोलमधला ऊस

आपला बेळगाव जिल्हा आणि शेजारचे कोल्हापूर ही साखरेची आगरे. त्याच कारखान्यांतले इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळलेले येते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनलेल्या आहेत, म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून मायलेज काही टक्क्यांनी घटते. दुसरे, ते पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. उपाय साधे आहेत. इंधनाच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसला पाहून घ्यावेत, पेट्रोल फिल्टर वेळेवर बदलावा, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये. इथे रोजच्या वापराचा फायदाच होतो. केवळ रविवारी निघणाऱ्या गाडीपेक्षा रोज चालणारी गाडी जास्त निरोगी राहते. टाकीतले पेट्रोल ताजे राहते, बॅटरी भरलेली राहते, सील सुकत नाहीत.

चावी कोणाच्या हातात

शेवटचा मुद्दा आईवडिलांसाठी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण जिवांचा बळी घेतला. कायद्याने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी गेलेला जीव परत येत नाही. अठरा पूर्ण झाले, लायसन्स आले, म्हणून १४५ पीएसची गाडी दुसऱ्या दिवशी हातात द्यावी असेही नाही. आधी दोन पावसाळे घरच्या साध्या गाडीवर काढू द्यावेत. जोरकस गाडीचा खरा उपयोग ओव्हरटेक चटकन आणि सुरक्षित पूर्ण करण्यात आहे. हायवेवर काटा कुठवर जातो ते पाहण्यात नाही.

आणि तरुणांसाठी : ही हौस वाईट नाही. चांगली निवडलेली, कागद स्वच्छ असलेली, टायर-ब्रेक नवे केलेली जुनी जीटी किंवा अबार्थ ही आठ-दहा वर्षे आनंद देणारी वस्तू आहे, आणि नव्या गाडीच्या निम्म्या पैशांत मिळते. फक्त घेण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहा : खरेदी किंमत, इथला रस्ता कर, पहिल्या वर्षीची दुरुस्ती, वर्षाचे पेट्रोल आणि विमा, आणि कर्जाचे एकूण व्याज. बेरीज करून तो कागद घरात सगळ्यांसमोर ठेवा. बेरीज पाहूनही घरचे हसत 'घे' म्हणाले, तर गाडी जरूर घ्या, आणि एखाद्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन या. आम्हालाही मागच्या सीटवर बसायला आवडेल.